आईचे एकोणतीस होकार

डेझी वेल, मध्य ऑस्ट्रेलिया
मंगळवार, जेवणाआधी

वडीलधाऱ्या मर्लताईस,

धाकट्या लोरेनचा आदरपूर्वक नमस्कार (हसू नकोस, पत्रात तरी मी तुझ्याशी नीट वागते). तुझी, भावजींची आणि तुझ्या त्या गुडघ्याची खुशाली विचारते. डार्विनच्या दमट हवेत गुडघा कुरकुरत असेल तर एमूची चरबी चोळ, दुकानातलं मलम फेकून दे. इकडे सगळं छान आहे. आई छान, कुत्री छान, मीही छान. फक्त गेल्या गुरुवारपासून माझं कशात लक्ष नाही, काल मी चहाची पत्ती कुत्र्यांच्या भांड्यात ओतली.

तर गुरुवारचं सांगते. आईचं डावं अंग गेल्यापासून तिचं सगळं आम्ही गावच्या बायकाच बघतो, हे तुला ठाऊकच आहे. शहरातून मदतीला यायच्या त्या मुली मनाने चांगल्या होत्या, पण एकीने फॉर्म भरण्यासाठी वारलेल्या माणसाचं, आपल्यात कोणीच घ्यायचं नसतं ते नाव त्याच्या बायकोलाच तीनदा मोठ्याने उच्चारायला लावलं, ती बाई महिनाभर घराबाहेर आली नाही. तेव्हा भर सभेत छाती पुढे काढून मीच म्हणाले होते, की आपल्या अपंग माणसांचं आपणच करू. कोणी कोणाला आंघोळ घालायची आणि कोणी कोणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. टाळ्या पडल्या. कामाचं वेळापत्रक करायचं माझ्याकडे आलं.

आणि त्या शहाण्या वेळापत्रकात मी आईच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून कोणाला घातलं? डेस्मंडला! माझ्या नवऱ्याला! सख्ख्या जावयाला! सासू-जावयाने समोरासमोर यायचं नाही या आपल्या रीतीप्रमाणे आजवर दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, आई दुकानात शिरली की हा मागच्या दाराने पळतो, आणि मी त्यांना एका गाडीत बसवलं. (नेहमीचा ड्रायव्हर क्लॅरी मयताला गेला होता आणि चाकांची खुर्ची चढवायची गाडी चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. तरीही. तू आत्ता कपाळावर हात मारलास, मला इथे ऐकू आलं.) म्हटलं, मध्ये घोंगडी टांगू. टांगली. आईने वर आपली चादरही डोक्यावरून ओढून घेतली.

त्याच गाडीत ब्रिजेटबाई होत्या. आईला किती मदत लागते ते ठरवायला सरकारी खात्याने पाठवलेल्या. दवाखान्याकडे निघालो आणि कोरड्या नदीच्या वाळूत गाडी रुतली. आता गाडी मागून ढकलायची, तर मागच्या काचेतून आई समोर दिसणार. डेस्मंड जागचा हलेना. शेवटी मी आणि ब्रिजेटबाईंनीच ढकलली, बाईंचा एक बूट वाळूत गेला तो गेलाच. बाईंनी वहीत लिहिलं, "कर्मचारी काम करीत नाही."

ट्रॅक्टर येईपर्यंत वेळ का दवडा, म्हणून बाईंनी तिथेच प्रश्नांचे कागद काढले. डेस्मंड बिचारा उतरून उन्हात जात होता, तर बाईच म्हणाल्या, "अहो, शेगडीसारखं तापलंय बाहेर, बसा आतच." बसला. घोंगडीपलीकडे पाठ करून, दोन्ही कानांत बोटं घालून. (बाईंनी तेही लिहिलं.)

"चालता येतं का?" आई म्हणाली, "हो." "आंघोळ एकट्याने करता?" "हो." "स्वयंपाक?" "हो." "रात्री संडासला एकट्या जाता का?" तेव्हा चादरीतून नुसता हुंकार आला, आणि पुन्हा "हो, हो, माझी मी जाते." विमान चालवता का विचारलं असतं तरी हो म्हणाली असती. एकोणतीस प्रश्न, एकोणतीस होकार. ताई, तिला सकाळी मी आणि माझ्याबरोबर कामाला असलेली पर्ल दोघी मिळून उठवतो. डावा हात गरम तव्यावर पडला तरी तिला कळत नाही.

घरी आल्यावर मी रडकुंडीला येऊन विचारलं, "असं का गं केलंस?" तर म्हणते, "जावई दोन हातांच्या अंतरावर बसलेला, आणि मी माझ्या संडासाच्या गोष्टी काढू? त्यापेक्षा मला मुंग्यांच्या वारुळावर नेऊन ठेव. आणि ती पोर एवढ्या लांबून आलेली, तिला नाही नाही म्हणून पाठवू? तुला काही रीतभात?" चूक तिची नव्हतीच, माझी होती.

आता ब्रिजेटबाईंच्या वहीत दोन गोष्टी आहेत. आईला मदत लागत नाही, आणि आमची मदत वाईट आहे. पहिलीमुळे पर्लचे आईसाठीचे पगारी तास जाणार. दुसरीमुळे, एवढं करून मदत लागलीच तर आईने शहरातल्या अपंगांच्या वसतिगृहात राहावं, असं ठरणार. तिथल्या खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. आईला तिच्या मातीवरून उचललं तर ती हिवाळा काढणार नाही, हे मी नर्सला विचारून सांगत नाहीये, मला माहीत आहे.

मी बाईंच्या मागे मागे फिरले. बाई वाईट नाहीत. येत्या सोमवारी पुन्हा तासभर येते म्हणाल्या, दवाखान्याच्या व्हरांड्यात, फक्त बायकाच. पण कागदावर माझं बोलणं धरता येत नाही, कारण मी पगारी कर्मचारी; घरच्या दुसऱ्या कोणाचं चालेल.

बाकी विशेष काही नाही. मुलांना पापे. भावजींना सांग, त्यांचा विसरलेला भाला अजून आमच्याकडेच आहे.

तुझी धाकटी,
लोरेन

ता. क. आईसमोर, आईबद्दल "नाही, हिला जमत नाही" म्हणायचा मान थोरल्या लेकीचा. मी म्हटलं तर उद्धटपणा, तू म्हटलंस तर रीत. रविवारची बस आहे. आई तुझ्याबरोबर डार्विनला आली नाही म्हणून तू दोन वर्षं रागावली आहेस, तो राग खुशाल घेऊन ये, इथे जागा आहे.

ता. क. २ तू येणार का, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, "तिला कामं असतील, बोलवू नकोस, माझं ठीक चाललंय." मग पर्लकडून तुझी जुनी गादी उन्हात टाकून घेतली.

ता. क. ३ हे वाचून मला फोन करू नकोस. तू विचारशील, "लोरेन, जमतंय ना गं तुला?" आणि मी हो म्हणेन.