वरचा एक डाव

३ फेब्रुवारी, सोमवार
दुपारची साखर पुन्हा चढली — दोनशे ऐंशी! माझ्या बारकीची सकाळची नीट, रात्रीची नीट. दुपारीच घोडं पेंड खातंय. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "वाटीने मोजू नका. वजन करा. तिचं इन्सुलिन भाताच्या ग्रॅमवर ठरतं." आता वजनकाटा घेणं आलं. तपासणीच्या पट्ट्यांनीच खिसा रिकामा होतो, त्यामुळे स्वस्तातलाच बघायचा.

५ फेब्रुवारी, बुधवार
दुकानात सतरा प्रकारचे काटे. दुकानदार म्हणे, "ताई, सगळे सारखेच हो." सारखेच, तर किमती वेगळ्या कशाला? सगळ्यात स्वस्त उचलला. घरी ताट ठेवलं, तर आकडे ताटाखाली गडप. मान वाकडी करून वाचायचे. आणि डाव आणायला वळावं, तोवर काटा आपोआप बंद!

८ फेब्रुवारी, शनिवार
तोच बटाटा तीनदा ठेवला. एकशे चार, एकशे सतरा, अठ्ठ्याण्णव. डोकंच फिरलं. काटा दुकानात परत नेला. दुकानदाराने "बॅटरी बदलून बघा"चा धोशा लावला. हुज्जत घालून, वर पैसे भरून दुसरा आणला. चपटा आहे, आकडे पुढच्या कडेला.
सासऱ्यांनी उलटासुलटा करून पाहिला. जन्म किराणा दुकानात गेला त्यांचा. "पारडं कुठंय ह्याला?"

११ फेब्रुवारी, मंगळवार
नवी रीत. मी दवाखान्यात पेशंटचे नंबर लावत असते. बारकी शाळेतून आली की सासरे भात मोजतात, फोनवर आकडा सांगतात. मी हिशेब करून किती टोचायचं ते सांगते. ती टोचून घेते, मग जेवते.
आज भात एकशे वीस ग्रॅम. दोन तासांनी साखर दोनशे पासष्ट. हाही काटा खोटा निघाला की काय? हात टेकले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मापातलं शंभर मिली पाणी ठेवून पाहिलं. बरोबर शंभर ग्रॅम. काटा खरा आहे. मग चुकतंय कुठे?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
डॉक्टर म्हणाले, पुढच्या आठवड्यात दुपारचा डोस वाढवू. वाढवला आणि एखाद्या दुपारी साखर धाडकन खाली आली तर? घरात एक म्हातारा आणि एक पोर. भीती वाटते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
डोस वाढवण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून रजा टाकली. सासऱ्यांनी भात मोजला. एकशे वीस. बारकीने टोचून घेतलं. आणि सासऱ्यांनी माझ्यादेखत ताटात आणखी एक डाव भात घातला!
"हे काय?"
"वरचं."
"ते मोजलं का नाही?"
"वरचं कधी मोजतात का?" माझंच काहीतरी चुकल्यासारखे बघत राहिले. "काटा सरळ झाला की गिऱ्हाइकाला मूठभर वर घातल्याशिवाय पुडी बांधली नाही मी. आणि नातीला काटेकोर देऊ? हात धजत नाही गं."
तळपायाची आग मस्तकात गेली. मी नाही नाही ते बोलले. दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, ही गिऱ्हाईक नाही, जीव जाईल पोरीचा! ते न जेवता उठले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आज वरचं नाही. साखर एकशे चाळीस. डोस वाढवायला नको.
संध्याकाळी बारकीला विचारलं, "त्या एका डावाने साखर चढते, हे तुला कळत नव्हतं?"
"कळत होतं."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही सगळे माझ्या ताटातलं काढता. आजोबा एकटेच घालायचे."

१९ फेब्रुवारी, बुधवार
दुपारी फोनवर सासऱ्यांना सांगितलं — काट्यावर एकशे वीसपैकी शंभर झाले की थांबा. वरचे वीस तिच्यासमोर, तुमच्या हाताने घाला.