दोन जोड बूट

धाकट्याच्या आईस अनेक आशीर्वाद.

बस बरी आहे. खिडकीची जागा मिळाली. गुडघ्यांची कुरकुर नेहमीचीच. शेळी व्यायली का?

उद्या सरहद्दीच्या फाटकावर पोचतो. पलीकडच्या तुरुंगातून सुटणाऱ्यांची शेवटची तुकडी उद्याच सोडणार आहेत.

थांब्यावर फाटकाकडून परतणारी एक बाई भेटली. तिचा मुलगा आता या जगात नाही, असं तिला तिथे सांगितलं. धाकट्यासाठी तू दिलेले बूट पाहून म्हणाली, "दादा, तुमचा मिसरूड फुटायच्या आत तुरुंगात गेला ना? पाय वाढला असेल हो. हे माझ्याचे न्या." नको म्हणायला जीभ रेटेना.

दोन्ही जोड मांडीवर घेऊन बसलोय. रागावू नकोस, पण तुझे त्याला लहान पडोत, एवढंच देवाकडे माग.

वाटेवरून,
तुझा म्हातारा