नक्षीतला एक

३ मार्च
औषधवाल्यांना मी काढलेला अक्षरांचा टाइप पसंत पडला! अडीच वर्षं घासलाय तो. प्रत्येक टोकाला बारीक पाय, पायाला वेल, वेलीला पान. काढला होता लग्नपत्रिकांसाठी, मानपत्रांसाठी, फार तर अत्तराच्या बाटलीसाठी. यांना झोपेच्या औषधाच्या लेबलवर हवाय. "ताई, राजेशाही दिसलं पाहिजे."

५ मार्च
म्हटलं, नाव नक्षीत करू, किती घ्यायचं ते साध्या अक्षरात. ऐकेनात. "अर्धं लेबल सुटात अन् अर्धं बनियनवर?" मी हसले. हसायला नको होतं.
नवऱ्याने प्रूफ हातात धरलं. "हा एक आहे की नऊ?"
एकाच्या डाव्या अंगाला मी पान काढलंय, म्हणून. म्हटलं, चष्मा बदल.

६ मार्च
छापायला गेलं.

२१ एप्रिल
औषधवाल्यांचा फोन. एक आजी, पूर्वी शिवण शिकवायच्या, एकट्या राहतात. दवाखान्यात आहेत. एक चमचा घ्यायचा तर नऊ घेतले. शुद्ध नाही.
"तुमच्या त्या पानामुळे, ताई."
कालपर्यंत 'आपलं लेबल' होतं!

२२ एप्रिल
नवरा 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल
बाटल्या दुकानांतून परत घेतल्या म्हणे. मी एकाचं पान खोडलं. मग प्रूफ पुन्हा उजेडात धरलं — अजूनही देखणंच दिसतं. तेच तर!

२५ एप्रिल
आजी शुद्धीवर आल्या. दवाखान्यात गेले, खोलीच्या दाराशी पोचले आणि मागे फिरले. बाहेर त्यांची लेक कुणाला तरी सांगत होती, "डोळे अधू झालेत हो आईचे. नाहीतर ती अशी चुकायची नाही." मी चपला बघत निघून आले.

२८ एप्रिल
आज आत गेले. दोघींसमोर सांगून टाकलं — तो आकडा मी काढला. माफी मागितली. लेकीने तोंड फिरवलं, तांब्या उचलला आणि पाणी आणायला गेली.
आजींनी माझं मनगट धरलं. बोटं कसली गार!
"एकच होता तो, पोरी. मला स्वच्छ दिसला होता."
मी दाराकडे पाहिलं.
"हिला कळू देऊ नकोस. तेवढी चूक तुझ्याकडेच राहू दे."
लेक आली. मी मान हलवली असावी. आठवत नाही.

२९ एप्रिल
सकाळीच लेकीला गाठलं, आजींना एकच दिसला होता ते सांगितलं. आजींसाठी सांगितलं की माझ्यासाठी, ठाऊक नाही. ती तिथेच पायरीवर बसली. मीही बसले.