टेलरबाईंच्या पाच खुर्च्या

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच मांडून घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? मामी आठवडाभर आमच्याकडे मजेत आहेत, त्यांची काळजी नसावी. काळजी माझी करा.

तुमच्याच भरवशावर मी आमच्या इमारतीचा अध्यक्ष झालो आणि तुमचं लोकशाहीवरचं पुस्तक उशाशी घेऊन बसलो. त्यात एकीकडे बहुमत, दुसरीकडे अल्पमत आणि मधे चर्चा. इथे अंगणात एक बाक बसवायचा होता, एवढंच. त्यावरून चौदा घरांत एकोणीस आघाड्या निघाल्या (मी तीनदा मोजलं). म्हाताऱ्यांना बाक सावलीत हवा, सायकलवाल्यांना तिथेच सायकली लावायच्यात, आणि कुत्र्यांना भिणाऱ्यांना बाकच नको, कारण खाली कुत्रं बसतं. बरं, भिणाऱ्यांचे पुढारी तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य, त्यांच्या घरात दोन कुत्री. विचारलं, तर म्हणाले, त्यांनाच तर भितो.

म्हटलं, पुस्तकाप्रमाणे जाऊ, प्रत्येक आघाडीने एक प्रतिनिधी पाठवावा. गच्चीवर एकोणीस खुर्च्या मांडल्या, आले सहाजण. तळमजल्यावरच्या टेलरबाई एकट्याच पाच आघाड्यांच्या. त्यांना पाच खुर्च्या दिल्या. ज्या आघाडीचं बोलायचं त्या खुर्चीवर त्या जाऊन बसत आणि पुढच्या खुर्चीवरून स्वतःलाच हरकत घेत. शेवटी तीन विरुद्ध दोन मतांनी स्वतःशीच हरल्या आणि रुसून घरी गेल्या. आता बाई जिंकल्या म्हणून अभिनंदन करायचं, की हरल्या म्हणून समजूत काढायची? मी दोन्ही करायला गेलो, तर दार तोंडावर बंद झालं.

तेव्हापासून एकोणीसच्या एकोणीस आघाड्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: मला काढायचं. रविवारी मतदान. मामा, खरंच वाईट वाटतंय हो. जन्मात पहिल्यांदा लोक मला काहीतरी विचारायला येत होते. अशा वेळी काय करावं ते पान तुमच्या पुस्तकात सापडत नाही.

आपला,
गोंधळलेला भाचा

ता. क. – मुख्य काम राहिलंच. रविवारी या आणि माझ्या बाजूने चार शब्द बोला.

ता. क. २ – मला काढण्याचा अर्ज कुणाला नीट लिहिता येईना, म्हणून मलाच लिहायला सांगितला. मुद्दे इतके पटले की खाली सहीही केली. तेव्हा ते चार शब्द जरा जपून बोला.

ता. क. ३ – काढणाऱ्यांच्या पुढारी आपल्या मामीच आहेत. परत कधी निघणार विचारलं, तर तुझे मामा स्वतःची कपबशी स्वतः विसळायला लागले की, असा रीतसर ठराव झालाय म्हणाल्या. एकमताने झाला. मीही हात वर केला. टेलरबाईंनी पाच वेळा.