दोन काड्या, एक तिकीट

३ जून

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

सातव्या वर्षी बाजारात हरवलेला तुमचा मधला भाऊ तो मीच, असं सांगत एक माणूस आलाय. आईने त्याचे कान चाचपले आणि निकाल देऊन टाकला, हाच माझा. माझं मन मानत नाही. रंधा तो बाबांसारखा डाव्या हाताने धरतो, पण ते त्याला कुणीही सांगितलं असेल. घराचे कागद कुठे असतात, हेही त्याने सहज विचारलं. मी कपाटाला कुलूप घातलंय. देवापुढे बसलो तरी नजर दाराकडे जाते.

तू प्रयोगशाळेत डीएनए काढतेस ना? एकदाचा सोक्षमोक्ष लाव.

तुझ्या मायेचा,
दादा

११ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

टोकाला कापूस लावलेल्या दोन काड्या पाठवते. एकेकाने गालाच्या आत फिरवून, वाळवून वेगळ्या पाकिटात घाला. त्याला कारण सांग, होकार घे. साबणासारख्या द्रावणाने पेशी फुटतात. मग मीठ, गार अल्कोहोल, आणि डीएनएचा पांढरा धागा वर येतो. जेवला असशील तरच पुढे वाच: दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने तो पहिल्यांदा काढला, जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून! आज त्या धाग्यानेच गुन्हेगार सापडतात, हरवलेले भाऊसुद्धा.

आईला जप. लोभ आहे तसाच राहो.

चिमणी

२ जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

दोन्ही काड्या एकाच माणसाच्या निघाल्या. आता संशय कुणाचा घेऊ?

पाकिटावरच्या तिकिटामागे लाळ सापडली, म्हणजे ते जिभेने चिकटवलंय. तू तर उष्टं होतं म्हणून पाण्याचं बोट लावतोस. म्हणजे ते त्याने लावलं. त्यातूनही धागा निघू शकेल, पण तुम्ही दोघं हो म्हणालात तरच.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

चिमणी

१० जुलै

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

चोरी पकडलीस. कारण सांगताच त्याने लगेच तोंड उघडलं. म्हणाला, मलाही कळू दे. तेवढ्यात आतून आईने विचारलं, की माझी दोन्ही मुलं जेवली का. माझा हात आखडला. नंतर घेतो म्हणालो आणि दुसरी काडीही माझ्याच गालात फिरवली. पाकीट टपालात टाकायला मात्र त्यालाच दिलं.

काल त्याला सगळं कबूल केलं. तो हसला. या पत्राचं तिकीट त्याने माझ्यासमोर जिभेने लावलंय. दोघांचाही होकार आहे. काढ धागा.

कपाटाचं कुलूप आज काढलं. किल्ली अजून खिशात आहे, हे देवाला माहीत आणि तुला.

माया असू दे.

दादा