मागचा जिना

प्रिय धाकट्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी हुंकार भरतो, ही आपली जुनी वाटणी. म्हणून लिहायला बसलो. देवापुढे दिवा लावून मगच पेन उचललं, तेव्हा रागाच्या भरात काही लिहिलं जाणार नाही. तुझ्या वहिनीकडून कळलं की उद्या सकाळी तू टेपसाहेबांची तक्रार घेऊन त्यांच्या वरिष्ठांकडे जाणार आहेस. कारखान्याचा वापर परवाना त्यांनी आकसाने अडवला, असं चारचौघांत सांगत सुटला आहेस. जाण्याआधी हे वाच. शिव्या नंतर दे.

तुझी घालमेल मला दिसत नाही असं नाही. जुनी जागा सोडून बसलास, शिलाई मशिनं नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर चढवलीस, आणि परवाना हातात नाही तोवर मोठं गिऱ्हाईक काम देत नाही. शिवणाऱ्या बायका दुसरीकडे जातील या भीतीने चाचणीच्या नावाखाली अर्धी मशिनं चालू ठेवली आहेस. परवा तुला पाहिलं तर शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. वहिनी डबा पाठवते तो खातोस की कुणाला देऊन टाकतोस? लहानपणी ओढा ओलांडताना माझ्या खांद्यावर बसून माझेच डोळे झाकायचास आणि वर मलाच दटावायचास, दादा, नीट बघून चाल. आई काठावर हसून हसून बेजार व्हायची.

माझं काम तुला ठाऊक आहे, पण ते चालतं कसं हे तू कधी विचारलं नाहीस. लोकांच्या इमारतींच्या परवानग्यांसाठी कचेरीच्या या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरण्यात माझे केस पांढरे झाले. गावच्या शाळेत शिकलेला माणूस मी, एकेक नियम अजून दोनदा वाचतो तेव्हा कुठे डोक्यात शिरतो. तपासणीला येणाऱ्या टेपसाहेबांना हे नाव पडलं ते कमरेच्या मापाच्या टेपमुळे. इतरांकडे गेले की ते कपाट सरकवून मागची भिंत मोजतील. मी बरोबर असलो की टेप कमरेलाच राहते. गुडघे धरलेत, जिने चढवत नाहीत. खाली खुर्चीवर बसतात आणि मला एकेक विचारतात, हे पाहिलंत, ते पाहिलंत. मी पाहिलं म्हटलं की सही करतात. हे नियमाला धरून नाही, ते त्यांनाही कळतं आणि मलाही. पण जे नाही ते आहे असं मी कधी म्हणालो नाही, एवढ्या एका गोष्टीवर ते आजवर चाललं.

म्हणूनच तपासणीच्या दिवशी मी लवकर येऊन वर गेलो. मागचा जिना लख्ख होता, रंग अजून बोटाला लागत होता. काज-बटणं करणाऱ्या मावशी मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "बघून घ्या भाऊ. साहेब गेले की जिनाही जातो." बाकीच्या तोंडाला कापड लावून हसल्या. मीही हसलो, आणि मग विचारलं. त्यांनी सांगितलं की काम सुरू झालं की या जिन्याच्या दाराला बाहेरून कडी, कापड चोरीला जातं म्हणून, आणि पायऱ्यांवर कापडाचे गठ्ठे, वरपर्यंत. आदल्या दिवशी ते याच बायकांनी खाली वाहून नेले होते. एका कडेला इस्त्र्या तापलेल्या होत्या. मला तिथे उभं राहवेना.

खाली येऊन तुला बाजूला घेतलं, कडी काढून टाक म्हटलं. तू म्हणालास, "दादा, जिना नकाशात आहे ना? मग आहे." मी पुन्हा म्हटलं, तर कामगारांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलंस की मी तुझ्या बाजूचा आहे की खिडकीपलीकडचा. तेवढ्यात साहेबांची गाडी आली.

आता जे तुला कळलेलं नाही ते. तू काचेच्या पलीकडे फोनवर होतास, मला अंगठा दाखवून हसलासही. साहेब खुर्चीवर बसले. पाण्याची टाकी? पाहिली. पुढचा जिना? पाहिला. आग विझवायची नळकांडी? पाहिली. मागचा जिना? मी काचेपलीकडे तुझ्याकडे पाहिलं. त्यांनी पेन उघडलं आणि म्हणाले, "पाहिलात एवढंच म्हणा, मी सही करतो." मी म्हणालो, "पाहिला. पण हा तुम्ही स्वतः बघा. काम चालू असताना या, आणि न कळवता या." त्यांनी सही न करताच कागद मिटला. मग पेन बंद करून उठले. नंतर तू त्यांच्या तोंडावर वाट्टेल ते बोललास, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

परवाना मी अडवला आहे, धाकट्या. तक्रार लिहायचीच असेल तर माझ्या नावाने लिही. नाहीतर आज कडी उखडून काढ, आतून ढकललं की उघडेल असं दार बसव. गठ्ठ्यांसाठी शेजारच्या गोदामात जागा बोलून ठेवली आहे. एवढं झालं की मी स्वतः साहेबांना घेऊन येईन, हाताला धरून एकेक पायरी चढवीन. उद्या सकाळी मी त्या कार्यालयाच्या फाटकाशी उभा असेन. तू आत गेलास तर तुझ्या मागोमाग मीही आत येईन आणि वरिष्ठांना सगळं सांगेन, आम्ही खाली बसून सह्या कशा करतो तेसुद्धा. मग माझं काम सुटेल, साहेबांनाही जाब द्यावा लागेल. देवाला विचारून झालं आहे. तुला विचारायचं राहिलं होतं.

तुझाच, तुझ्या बाजूचा,
दादा