घरचीच मेकॅनिक

३ फेब्रुवारी, मंगळवार
गॅरेजचा दुसरा दिवस. ओव्हरऑल मिळाला, एक्स्ट्रा लार्ज. बाह्या तीनदा दुमडल्या. मालकाचं नाव सिओने, मूळचा टोंगा बेटांवरचा, दारात उभा राहिला की उजेड अडतो. म्हणाला, "स्वीट ॲज, सिस," म्हणजे झकास, "वाढशील त्यात." एकेचाळिसाव्या वर्षी आता आडवीच वाढेन.
तीन महिन्यांची ट्रायल. एप्रिलअखेर त्याने अप्रेंटिसशिपवर सही केली तर पॉलिटेकला केलेल्या मेकॅनिकच्या कोर्सच्या सर्टिफिकेटला अर्थ. नाहीतर परत सुपरमार्केट. तिथली मॅनेजर लिंडा माझी काउंटरची जागा तोवर धरून आहे. तिथे तासाला दोन डॉलर जास्त, आणि नखं स्वच्छ.

७ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी घरच्या ड्राइव्हवेत मराठी मंडळातल्या मेधाच्या गाडीचं ऑइल बदललं. मागच्या शनिवारी देशपांड्यांची बॅटरी. मंडळातल्या सगळ्यांना आता कळलंय की वैशालीने गाड्यांचा कोर्स केलाय. मेधा म्हणे, "तू आहेस म्हणून बरं गं, इथले मेकॅनिक नुसते लुटतात." मीही इथलीच मेकॅनिक आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही. मोबदला: चकल्या. वर खुसखुशीत होत्या, म्हणजे धड रागावताही येईना.
नवरा, मंदार, खात खात: "कोर्सची फी, वर तुझा वर्षाचा बुडालेला पगार. सगळं घर घ्यायला साठवलेल्या डिपॉझिटमधून गेलं. चकल्यांत कधी फिटायचं?" हसत म्हणाला. म्हणून जास्त लागलं.

८ फेब्रु.
ओट्याखालचं कपाट उघडलं तर लोकांचे डबे अंगावर आले. सासूबाई (नाशिकहून आल्यात, मेपर्यंत आहेत) म्हणाल्या, "रिकामा डबा परत देऊ नये आणि तुला भरायला वेळ नाही. साठणारच." सर्वांत मोठा, पितळी कड्यांचा, सुलभाताईंचा. त्यात लाडू आले होते, दिवाळीआधी त्यांच्या गाडीचे प्लग बदलले तेव्हा.

१८ फेब्रुवारी, बुधवार
स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, सिओने समोर येऊन बसला. आढेवेढे नाहीत. काम चांगलं आहे तुझं, म्हणाला, पण माझ्या लोकांपुरते हात माझ्याकडे आहेत. तुझी लोकं आण, मग तुझा पगार निघेल, मग सही.
मला वाटलं, एवढंच? पोरिरुआ ते जॉन्सनव्हिल आपली किती घरं! घरी येताना सिग्नलला लक्षात आलं, ती सगळी घरं माझ्या ड्राइव्हवेत येतात. फुकट. स्वतःचं गिऱ्हाईक मी स्वतःच खाल्लंय, चकल्यांसकट.

२६ फेब्रु., गुरुवार
आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.
मी बोलावलं होतं, तर मेधा खरंच गॅरेजला आली. फिल्टर बदलला, तिने पर्स उघडली, आणि माझ्या तोंडून, "राहू दे गं!" सवय. दुसरं कुणी रिक्षाचे पैसे द्यायला लागलं की निघतं तसंच. ती "बरं, थँक्स" म्हणून गेलीसुद्धा. निदान एकदा आग्रह तरी करायचा.
सिओने काउंटरमागे. "फिल्टरचे पैसे कोण देणार, सिस?" मी दिले. मजुरीचेही देत होते, ते त्याने घेतले नाहीत. मग म्हणाला, "माझं अख्खं चर्च माझ्याकडे येतं. मामा, मावशा, पाद्री. सगळ्यांना मेट्स रेट. पण मेट्स रेट हासुद्धा रेट असतो." ओळखीच्यांना कमी घ्यायचं, फुकट नाही. इतकी साधी गोष्ट आम्हाला कुणी शिकवली नाही.

१ मार्च, रविवार
हा प्रकार सासूबाईंना सांगितला. वाटलं हसतील. त्या कणीक मळायच्या थांबल्या.
"मी तीस वर्षं अख्ख्या सोसायटीचे ब्लाउज शिवले. शिलाई विचारली की म्हणायचे, राहू द्या हो, घरचंच आहे. आणि मग हे म्हणायचे, तुझ्या त्या मशीनचा घरात उपयोग काय."
मी विचारलं, मागावेसे वाटले नाहीत?
"वाटायचे की. दर वेळी वाटायचे." आणि परत कणीक.
सिया मध्येच, "आजी, यू शुड हॅव चार्ज्ड हीप्स!" आजीने भरपूर घ्यायला हवे होते, हे नऊ वर्षांच्या पोरीला कळतं.

१४ मार्च, शनिवार
ड्राइव्हवे बंद. आज चार मेसेज आले. सगळ्यांना एकच उत्तर: सोमवारी गॅरेजला आणा, मीच करेन, मेट्स रेट. चौघांचे अंगठे आले. बघू गाड्या येतात का.

१८ मार्च
एकही नाही.

२१ मार्च, शनिवार
जॉन्सनव्हिलला शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा पाडवा. जेवणाच्या रांगेत सुलभाताई. ताई हॉस्पिटलात डॉक्टर. आम्ही या देशात आलो तेव्हा तीन आठवडे त्यांच्या घरी राहिलो, पहिल्या भाड्याच्या घरासाठी शब्दही त्यांनीच टाकला. त्यांच्यापुढे मी अजून पदर सावरते. ड्रेस घातलेला असला तरी.
"वैशाली, ब्रेक किंचाळतायत गं. उद्या येते तुझ्याकडे. लाडू करून आणते."
"ताई, सोमवारी गॅरेजला आणा ना."
"अगं, पण तिथे पैसे पडतील."
"हो."
पुढे काहीतरी गोड बोलायचं होतं, सुचलंच नाही. नुसतं "हो" तसंच राहिलं आमच्या दोघींच्या मध्ये. मागे मेधा होती, तिने ऐकलं. मंदारला गाडीत सांगितलं. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणापासून सुरुवात करता आली नसती?" आली असती. पण ताईंकडून घेतले तरच बाकीच्यांकडून घेता येतील, हे त्याला कसं समजावू.

२३ मार्च, सोमवार
ताई आल्या नाहीत.

२५ मार्च
आजही नाही. त्या ब्रेकवर रात्रीच्या ड्युटीला जातायत, हा घोर वेगळाच. दोनदा फोन हातात घेतला: या हो घरी, करून देते. दोनदा ठेवला. सासूबाई बघत होत्या.
लिंडाचा मेसेज: एप्रिलच्या मध्यापर्यंत कळव, नाहीतर जागा दुसऱ्याला देईन.

३१ मार्च, मंगळवार
आल्या! नऊच्या सुमारास, हॉस्पिटलच्या कपड्यांतच. गाडी होइस्टने वर उचलली. डावीकडचे पॅड पार संपलेले, लोखंडावर लोखंड, डिस्कला चरे. ताईंना खालून दाखवलं. "बापरे," म्हणाल्या, "आणि मी रोज यात…" फोन करायला हवा होता.
पॅड, डिस्क, दोन्ही बाजू. हात एकदाही थांबला नाही. काम झाल्यावर सिओने मुद्दाम मागे निघून गेला, काउंटर मला सोडून. बिल मी काढलं, मेट्स रेट लावून. आकडा तोंडाने सांगितला. 
ताईंनी कार्ड टेकवलं. मशीन वाजलं. "राहू दे" ओठांपर्यंत आलं होतं, दातांखाली धरून ठेवलं.
ताईंनी पावती घडी करून पर्समध्ये ठेवली, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "माझा तो डबा तेवढा परत दे गं, सवडीने."
रागावून नाही. प्रेमानेही नाही. मला कळलंच नाही कसं ते.
गाडी वळून जाताना ब्रेकचा आवाज आला नाही.

३ एप्रिल, गुड फ्रायडे
सुट्टी. सिओने काल सहीबद्दल अवाक्षर बोलला नाही, नुसतं पुढच्या आठवड्याच्या बोर्डावर माझं नाव लिहिलं. आमच्यातलं एकच बुकिंग, देशपांडे. ते येतील का कोण जाणे. लिंडाला अजून उत्तर दिलेलं नाही.
मंदारने विचारलं, ताईंचं बिल किती झालं? सांगितलं. "अच्छा," म्हणाला. मग चहा ओतता ओतता, "चांगलं आहे की."

४ एप्रिल, शनिवार
ताईंचा डबा चिंचेने घासला, कड्या लखलखीत. दुपारी नेऊन द्यायचा.
सासूबाई: "रिकामा नको देऊस. साखर तरी घाल."
साखर घातली तर नुसती रीत होईल. लाडू केले तर माफी मागितल्यासारखं दिसेल, आणि मी माफी मागण्यासारखं काही केलेलं नाही. आणि तरी त्या तीन आठवड्यांत ताईंनी आमच्याकडून एक पैसा घेतला नव्हता, हेही खरं.
बेसन काढून ठेवलंय. तूपही. साखरेचा डबा शेजारीच आहे. बारा वाजले, अजून गॅस पेटवलेला नाही.